मीटर, मोटर आणि मोल

१९९० च्या उन्हाळ्यात लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एक विचित्र प्रश्न आला. समोरची मोटार खरोखर तीच आहे का, हे त्यांना ठरवायचं होतं.

मोटारीचं नाव ‘ओल्ड नंबर वन’. या बेंटली स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. दोन्ही वेळा चालक वुल्फ बार्नाटो; जोडीला आधी टिम बर्किन, नंतर ग्लेन किडस्टन. साठ वर्षांनी तिचा सौदा ठरला तो एक कोटी पौंडांना. मग घेणाऱ्या कंपनीने पाय मागे घेतला. या गाडीत ल माँ जिंकलेलं उरलंय काय, असा तिचा सवाल होता. आणि सवाल बिनबुडाचा नव्हता. शर्यतीतून शर्यतीत जाताना गाडीचे भाग बदलत गेले होते. १९३२ पर्यंत तिचं मूळचं साडेसहा लिटरचं इंजिन जाऊन आठ लिटरचं आलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उतरत्या कडेच्या ट्रॅकवरून वर उडून बाहेर पडली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाला. पुढे ती पुन्हा बांधली, बंद टपाची झाली, आणि कित्येक वर्षांनी तिला परत ल माँचं रूप देण्यात आलं. १९२९ मधल्या गाडीचं तिच्यात जवळजवळ काहीच शिल्लक नाही, हे साक्षीपुराव्यांत उघड झालं.

तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, दुसरी कोणतीही मोटार या नावावर हक्क सांगत नाही, तेव्हा हीच ‘ओल्ड नंबर वन’, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या व्यवहारात आजही या निकालाचा दाखला निघतो. बाजार मात्र कोर्टाइतका मोठ्या मनाचा नाही. तो दोन आकडे विचारतो: मीटरवर किती, आणि इंजिनावर कोणता? गंमत अशी की या दोन आकड्यांना आजचं वजन आलं ते फार उशिरा. तोवर जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे नुसती जुनी गाडी होती.

लॉस एंजेलिसच्या लेस केली याने १९२६ साली आपली ‘ब्लू बुक’ काढली. कोणती गाडी, कोणत्या सालची, काय भावाने घ्यावी, याची ती छापील यादी. तिच्यामागचं गृहीतक साधं होतं. गाडी दरवर्षी स्वस्त होते, जास्त पळालेली असेल तर आणखी स्वस्त, आणि एके दिवशी भंगारात जाते. स्पोर्ट्स कारला हा नियम जरा अधिकच कडक लागू पडे. तिचं इंजिन वरच्या फेऱ्यांना पिळलेलं, मालक बहुधा तरुण, आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची शान गेली. शर्यतीच्या गाड्यांचे तर आणखीच हाल. इंजिन उघडणं, रिंगा-बेअरिंग बदलणं, फुटलं तर दुसरं टाकणं ही हंगामाची नेहमीची कामं होती. कोणत्या गाडीत कोणत्या नंबरचं इंजिन होतं, हे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटत नसे.

फेरारी २५० जीटीओ हे त्याचं ठळक उदाहरण. १९६२ ते १९६४ या काळात अशा फक्त ३६ गाड्या झाल्या. अमेरिकेत नव्या गाडीची किंमत होती १८ हजार डॉलर. दहा वर्षांत त्या शर्यतीतून बाद झाल्या आणि भाव गडगडले. त्यातली एक टेक्सासमधल्या एका शाळेला दान गेली. तिथल्या वर्कशॉपमध्ये पोरं तिच्यावर मेकॅनिकी शिकली. १९७२ मध्ये शाळेने ती विकली ६,५०० डॉलरना. घेणाऱ्याकडेही ती वर्षानुवर्षं उघड्यावर ट्रेलरवर पडून होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरीच्या लिलावात दुसरी एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. पोरांनी पान्हे चालवलेल्या त्या गाडीचा मीटर तेव्हा कुणी वाचला असेल, असं वाटत नाही.

मीटर वाचणाऱ्यांचं जग वेगळं होतं: रोजच्या वापराच्या गाड्या विकणाऱ्या दलालांचं. गिअरबॉक्समधून निघालेली एक पीळदार केबल डॅशबोर्डमागच्या बारीक गिअरला फिरवते आणि आकड्यांच्या चकत्या एकेक घर पुढे सरकतात, एवढीच त्या यंत्राची करामत. केबल सोडून ड्रिलला जोडली आणि उलटी फिरवली, की काही मॉडेलांत आकडे मागे येत. काहींत डॅशबोर्ड उघडून चकत्या हातानेच बसवाव्या लागत. मीटर मागे घेण्याचा हा धंदा अमेरिकेत इतका बोकाळला, की १९७२ साली तिथे केंद्राचा कायदा करावा लागला. मीटरमध्ये फेरफार हा गुन्हा ठरला आणि विकणाऱ्याने आकडा लेखी द्यावा अशी सक्ती आली. १९८६ च्या दुसऱ्या कायद्याने तो आकडा मालकीच्या कागदावरच नोंदवायला लावला. त्याच वर्षी ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ हा हॉलिवूडपट आला. त्यात बापाची फेरारी चोरून फिरवलेली पोरं ती जॅकवर चढवून रिव्हर्समध्ये पळवतात, मैल उलटे जातील या आशेवर. जात नाहीत. बापाने मीटरचा आकडा लिहून ठेवलेला असतो, म्हणून ही सगळी धडपड. पडद्यावर ती गाडी बहुतेक दृश्यांत नक्कलच होती. खरी २५० जीटी कॅलिफोर्निया तेव्हाही वापरायला परवडणारी नव्हती.

स्पोर्ट्स कारच्या मीटरवर संशय घ्यायला एक खास कारण आहे. जुन्या मीटरना पाचच घरं असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. पंधरा वर्षांच्या साध्या गाडीचा मीटर ३१ हजार दाखवत असेल तर घेणारा हसतो, कारण ती १ लाख ३१ हजार पळालेली असणार. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र ३१ हजार खरे असू शकतात. ती रविवारची गाडी असते, पावसाळ्यात झाकलेली, घरातली तिसरी. म्हणून जाणकार मीटरआधी ब्रेकच्या पॅडलचं रबर बघतो. मग सीटची दाराकडची कड. चढताना-उतरताना चालक तिच्यावर घासतो आणि शिवण तिथेच उसवते. मग स्टीअरिंगचं चामडं, बॉनेटच्या नाकावर उडालेल्या खड्यांचे टोचे. मीटर ३१ हजार म्हणतो आणि पॅडल गुळगुळीत झालेलं असतं, तेव्हा पॅडलवर विश्वास ठेवायचा.

इंजिन उघडलेलं असणं हा गुण की दोष, हा वाद मात्र मीटरइतका सरळ नाही. तो नीट कळतो पोर्शे ९११ मधून.

१९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला ती आली तेव्हा नाव होतं ९०१. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, अशी पेजोने हरकत घेतली आणि पोर्शेने शून्याच्या जागी एक टाकला. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं, सहा आडव्या सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन ही तिची खूण. १९९८ पर्यंत ती टिकली. हे इंजिन दणकट म्हणून गाजलं, पण प्रत्येक पिढीचं स्वतःचं दुखणं होतं. १९७४ पासूनच्या साध्या मॉडेलांतलं २.७ लिटरचं इंजिन मॅग्नेशियमच्या क्रँककेसचं. ते तापलं की सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब स्टड त्या मऊ धातूतून उपसून येत. अमेरिकेत तर धूर कमी करणाऱ्या थर्मल रिअॅक्टरने त्याची भट्टीच होई. १९७८ च्या ‘एससी’ला अॅल्युमिनियमची केस मिळाली, इंजिन सुधारलं, पण तिचे काही स्टड पुढे तुटू लागले. १९८४ च्या ३.२ कॅरेरात चेनचा ताण तेलाच्या दाबाने सांभाळला जाऊ लागला आणि एक जुनी भीती गेली. तिथे व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजत.

त्यामुळे ९११ घेणाऱ्यांमध्ये एक रीत पडली. एक लाख मैल पळालेली पण इंजिन मान्यताप्राप्त कारागिराने उघडून नवे स्टड, गाइड, चेन रॅम्प घालून बसवलेली गाडी, आणि चाळीस हजार मैलांची, कधीच न उघडलेली गाडी, या दोन समोर आल्या तर चालवणारा गिऱ्हाईक पहिलीला हात घाली. कारण साधं: दुसरीचं काम निघायचंच होतं, आणि त्याचं बिल आज अमेरिकेत सहज वीस हजार डॉलरच्या वर जातं. पावत्यांची फाइल इथे मीटरपेक्षा वजनदार ठरते. पावती नसलेलं ‘इंजिन पूर्ण केलंय’ हे वाक्य मात्र कवडीमोल. नुसत्या रिंगा बदलूनही ते म्हणता येतं, आणि क्रँकशाफ्ट मोजून, केस मशीनवर सरळ करून घेतल्यावरही तेच म्हणावं लागतं. म्हणून घेणारा प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते तपासायला सांगतो. सहाच्या सहा आकडे जवळजवळ सारखे आले, की बोलणी पुढे सरकतात.

मग १९९७ साली पाण्याने थंड होणारी ९९६ आली, आणि तिच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या टोकाला एक छोटं सीलबंद बेअरिंग होतं. त्याचं सील गेलं, आतलं ग्रीस धुऊन निघालं की बेअरिंग फुटतं, कॅमचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तीस-चाळीस डॉलरच्या वस्तूने अख्खं इंजिन जातं. सगळ्या गाड्यांचं गेलं नाही, किंबहुना बहुतेकांचं गेलं नाही. पण भीतीला टक्केवारी लागत नाही. २००१ ते २००५ च्या मॉडेलांबाबत अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड. तोवर ९९६ ही सर्वांत स्वस्त ९११ होऊन बसली होती. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ मध्ये पोर्शेचे अभियंते हान्स मेझ्गर यांच्या परंपरेतलं शर्यतीकडून आलेलं वेगळं इंजिन होतं. त्यांच्या किमतीला या भानगडीची झळ लागली नाही. बाहेरून सख्ख्या बहिणी, पण भाव वेगळा.

इथे मैलांचा हिशेबही उलटा फिरला. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत बेअरिंग लवकर सडतं, रोज पळणाऱ्या गाडीत टिकतं, असा पोर्शेच्या मेकॅनिकांचा अनुभव. कमी मैलांची गाडी ही जोखमीची गाडी, असं आयुष्यात पहिल्यांदाच जाहिरातदारांना ऐकावं लागलं. आणि फॅक्टरीने बदली दिलेलं इंजिन? त्याच्या नंबरात ‘एटी’ ही अक्षरं असतात. ‘आउसटाउश’, म्हणजे जर्मनमध्ये अदलाबदल. ९९६ च्या विक्रीत ही अक्षरं लपवत नाहीत. ती जाहिरातीच्या पहिल्या ओळीत घालतात.

आता अटलांटिक ओलांडून कॉर्व्हेटकडे जावं. तिथे बदली इंजिनवर ‘सीई’ कोरलेलं सापडलं, तर विकणाऱ्याचा चेहरा पडतो. ‘सीई’ म्हणजे वॉरंटीत काउंटरवरून बदलून दिलेला ब्लॉक. तो प्रामाणिक आहे, कंपनीचा आहे, तितकाच चांगला आहे. पण गाडीसोबत जन्मलेला नाही. कॉर्व्हेटच्या दुनियेत ‘मॅचिंग नंबर्स’ हा मंत्र झाला तो सत्तरच्या दशकात. १९७४ मध्ये कॉर्व्हेट पुनर्बांधणी करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कुठला स्क्रू कोणत्या सालचा, इथवर तिच्या परीक्षकांनी नियम नेले. मूळ इंजिन आणि बदललेलं इंजिन यांत मोठी रक्कम उभी राहिली. पैसा उभा राहिला की खोटं येतंच. जुना नंबर घासून नवा ठोकायला कारागीर तयार झाले.

मग परीक्षकही तयार झाले. कॉर्व्हेट बनवणाऱ्या शेवरोलेच्या ब्लॉकवर समोर उजवीकडे एक सपाट पट्टी असते. नंबर तिच्यावर ठोकलेला. कारखान्यात ही पट्टी ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने एका फटक्यात सपाट होई आणि तिच्यावर समांतर, केसासारख्या बारीक रेघा उठत. नंबर घासून काढायचा म्हणजे रेघाही घासल्या जाणार. म्हणून परीक्षक भिंग घेऊन आधी रेघा शोधतो, नंबर नंतर वाचतो. खोटे कारागीर यावरही गप्प बसले नाहीत. ते रेघाही काढू लागले. १९६७ ची एल८८ कॉर्व्हेट हे या खेळाचं शिखर. अशा वीसच झाल्या. शर्यतीसाठीच घेतलेल्या, त्यामुळे बहुतेकांची इंजिनं कधीच फुटून गेली. २०१४ मध्ये स्कॉट्सडेलला त्यातली एक ३८ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. या भावाला तीन इंचांची लोखंडी पट्टी भिंगाखाली का जाते, हे वेगळं सांगायला नको.

एकच बदली इंजिन, एकीकडे गुण, दुसरीकडे डाग. याचा उलगडा घेणाऱ्यात आहे. ९९६ घेणारा ती सोमवारी ऑफिसला नेणार असतो. एल८८ घेणारा ती पुढच्या लिलावात नेणार असतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले आणि आधीच तापलेल्या बाजारात जुन्या फेरारींचे भाव वेड्यासारखे चढले. तेव्हापासून दुसऱ्या जातीचे गिऱ्हाईक वाढले. बेंटलीचा खटला त्याच ज्वराच्या टोकाचा. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत भाव कोसळले, पण सवय राहिली. मूळपणाचा कागद हीच विकायची वस्तू झाली. फेरारीने २००६ पासून मारानेल्लोत ‘क्लासिके’ विभागामार्फत गाडीच्या मूळपणाचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. २०१७ साली ४ कोटी ४० लाख डॉलरना विकलेल्या एका २५० जीटीओचा मूळ गिअरबॉक्स तिसऱ्याच माणसाकडे राहिला होता. तो मिळवून द्यायचा खर्च कुणाचा, यावर विकणारा आणि घेणारा पुन्हा लंडनच्या कोर्टात भांडले. गिअरबॉक्सशिवायही गाडी पळत होतीच. दुसरा बसवलेला होता.

त्यातही पोर्शेवरच एक विनोदी प्रसंग आला. २०१४ च्या सुरुवातीला नव्या ९११ जीटी३ पैकी दोन गाड्यांनी पेट घेतला. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होऊन क्रँककेस फुटत होती. कंपनीने तोवर गिऱ्हाइकांकडे गेलेल्या सगळ्या, म्हणजे ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. या गाड्यांच्या बाबतीत आता मूळ इंजिन असणं हीच घाबरायची गोष्ट, आणि बदललेलं इंजिन म्हणजे निर्धास्तपणा. मूळपणाच्या पुजाऱ्यांना या ७८५ चा निकाल लावायला अजून वेळ आहे.

आणि मैल? त्यांनी तर बाजाराची सगळी गणितं चुकवली आहेत. मॅक्लारेन एफ१ एकूण १०६ झाल्या. १९९५ ची एक, जेमतेम २४२ मैल पळालेली, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पेबल बीचला २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरना गेली. म्हणजे मैलाला सुमारे ८५ हजार डॉलर. दुसरी होती ‘मिस्टर बीन’ रोवन अॅटकिन्सन यांची. त्यांनी ती १९९७ मध्ये घेतली ५ लाख ४० हजार पौंडांना, बाजारहाटाला वापरली, दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातानंतर दुरुस्तीला विमा कंपनीला ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. ४१ हजार मैलांनंतर, २०१५ मध्ये, ती सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. न वापरणाऱ्याला जास्त मिळालं हे खरं; पण वापरणाऱ्याने अठरा वर्षं ती चालवली, हेही मोजायला हवं.

न चालवलेल्या गाडीचं बिलही फुकट नसतं. फेरारी एफ४० च्या रबरी इंधन-पिशव्या दहा वर्षांनी बदलाव्याच लागतात, मीटर हजार असो की लाख. टेस्टारोसाचे टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन मागून खाली उतरवावं लागतं, आणि बेल्ट मैलांनीच नव्हे, वयानेही कुजतात. एफ३५५ च्या पहिल्या गाड्यांतले ब्राँझचे व्हॉल्व्ह गाइड वेळेआधी झिजत. त्यामुळे ‘फक्त आठ हजार मैल, कधीच उघडलेली नाही’ अशी जाहिरात वाचून फेरारीचा मेकॅनिक खूश होतो. पुढचं गिऱ्हाईक त्याचंच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे विज्ञान शिक्षक अर्व्ह गॉर्डन. १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी१८०० एस ही त्यांची दोन दारांची देखणी स्पोर्ट्स गाडी. तिचं इंजिन पहिल्यांदा उघडलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर. २०१३ च्या सप्टेंबरात अलास्कात तिने ३० लाख मैल पार केले. गिनेस बुकात ती आधीपासून होतीच. २०१८ मध्ये गॉर्डन गेले. जगातल्या कोणत्याही भावपुस्तकातल्या मैलांच्या तक्त्यात ही गाडी बसत नाही, कारण तक्ते त्याच्या खूप आधी संपतात.

आपल्याकडे हा व्यवहार वेगळ्या वळणाने जातो. मुंबई-पुण्यात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस दलालाला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “इंजिन खोललंय का?” आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकायला तो उत्सुक असतो. बोअर केलेलं, लाइनर-पिस्टन बदललेलं इंजिन म्हणजे गाडी खूप राबलेली, हा समज टॅक्सी आणि ट्रकच्या अनुभवातून आलेला. पण इथे इंजिनाच्या नंबराला संग्राहकापेक्षा मोठा पहारेकरी आहे. आरसी बुकात चॅसी नंबरासोबत इंजिन नंबर छापलेला असतो. इंजिन बदललं तर आरटीओकडे रीतसर नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर गाडी कितीही देखणी असो, नावावर होताना अडकते. परदेशी संग्राहक ज्याला मूळपणा म्हणतो, ते इथे आधी कायद्याचं काम असतं. म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्याने बॉनेट उघडायच्या आधी आरसी उघडावी, नंबर ब्लॉकवरून स्वतः वाचावा, मग पावत्या मागाव्यात आणि मीटर शेवटी बघावा.

मीटर शेवटी, कारण त्याची लेखी नोंदही अपुरी असू शकते. अमेरिकेतल्या मीटर-कायद्यात एक पळवाट बरीच वर्षं राहिली होती. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या विक्रीत मीटरचा आकडा लिहून देण्याची सक्ती नव्हती, म्हणजे स्पोर्ट्स कार भंगारातून संग्रहाकडे वळू लागते नेमक्या त्या वयात नोंद थांबे. २०२१ पासून तिथे २०११ आणि पुढच्या मॉडेलांसाठी ही मुदत वीस वर्षांची झाली. २०११ च्या गाडीचा आकडा २०३१ पर्यंत लिहून द्यावा लागेल.